पाचोळ्याची खतावणी

वसंताचे स्वागत पालवीने करावयाचे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. झाडाला कोंब फुटला की आपण वर पाहतो. त्याच झाडाखाली घोट्याएवढा साचलेला पाला मात्र कोणाच्या नजरेस येत नाही. आलाच तर कचरा म्हणून येतो, आणि संध्याकाळच्या आत त्याला काडी लागते. परंतु या कचऱ्यालाही इतिहास आहे. त्याच्यावरून सरकार आणि रयत यांच्यात भांडणे झाली, चौकशी-मंडळे बसली, आणि देशोदेशीच्या पंडितांनी त्याच्यावर ग्रंथ लिहिले. हा इतिहास लाकडाच्या इतिहासाखाली दडपून गेला आहे, इतकेच. तो थोडासा वर काढून पाहावा, एवढाच आमचा आजचा हेतू आहे.

लासलगावी हा विषय मांडण्यास आम्हांस एक विशेष कारण वाटते. हे बाजाराचे गाव आहे. १९४७ मध्ये येथे बाजार समिती स्थापन झाली, आणि कांद्याच्या व्यापारामुळे गावाचे नाव देशभर गेले. जमा, खर्च आणि शिल्लक या तीन शब्दांचा अर्थ येथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आणि पाल्याचा सगळा प्रश्न या तीन शब्दांतच सामावलेला आहे.

प्रथम तो हिशेब पाहू. झाडावरून वर्षभरात जे खाली पडते, ती जमिनीची जमा. त्यात पानांचा वाटा सर्वांत मोठा; बाकी काटक्या, साल, फुले आणि फळे. वाळवी, किडे, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे जंतू यांनी त्यातून जे फस्त केले, तो खर्च. उरते ती शिल्लक, म्हणजेच झाडाखालचा थर. समजा, एका लागवडीत दरवर्षी सहा गाड्या पाला पडतो आणि जमिनीवर जेवढा असेल त्याचा अर्धा वर्षभरात कुजतो. पहिल्या वर्षी सहातून तीन गाड्या उरतील. दुसऱ्या वर्षी त्यांत सहा पडून नऊ होतील आणि साडेचार उरतील. असे करीत करीत काही वर्षांनी थर अशा ठिकाणी येऊन थांबतो, की पानगळ झाल्यावर तो बारा गाड्यांचा भरतो आणि पुढील पानगळीपूर्वी सहांवर येतो. जेवढे येते तेवढेच जाते. मात्र कुजण्याचा वेग मंद असेल, वर्षाला अर्ध्याऐवजी तिसरा हिस्साच कुजत असेल, तर तोच थर पानगळीनंतर अठरा गाड्यांपर्यंत चढतो. तेव्हा थर जाड दिसला म्हणजे झाड उदार आहे असे समजण्याचे कारण नाही. कदाचित पान कुजण्यास नाखूश असेल! १९६३ मध्ये अमेरिकेतील ओल्सन या शास्त्रज्ञाने हा हिशेब सूत्ररूपाने मांडला. पुढच्याच वर्षी ब्रे आणि गोरहॅम या दोघांनी जगभरच्या वनांतील पानगळीचे आकडे एकत्र केले. थंड समशीतोष्ण वनांत वर्षाला हेक्टरी सुमारे साडेतीन टन, उबदार समशीतोष्ण वनांत साडेपाच, आणि विषुववृत्ताजवळच्या वनांत अकराच्या आसपास, असे सरासरीचे मान त्यांना आढळले.

आपल्या प्रदेशात या हिशेबाला ऋतूंची एक अट आहे. घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. निफाड-लासलगावच्या पठारावर त्याचा पाचवा-सहावा हिस्सा येतो, आणि तोही चार महिन्यांत. साग, पळस, ऐन यांची पाने हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत गळतात, म्हणजे नेमकी जमीन कोरडी असताना. मृगाचा पाऊस पडेपर्यंत ती जशीच्या तशी पडून राहतात. जमा उन्हाळ्यात आणि खर्च पावसाळ्यात. या दोहोंमधल्या तीन-चार महिन्यांत पाल्याचे काय होते, यावर आमच्या कथेची सारी घटना अवलंबून आहे. कारण याच महिन्यांत त्याला वणवा लागतो, याच महिन्यांत तो झाडून नेला जातो, आणि याच महिन्यांत डोंगरातला शेतकरी राब भाजतो.

आता इतिहासाकडे वळू. राज्यकर्त्यांची नजर झाडाच्या खोडावर असते. १७१५ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विचार आहे, आणि रयतेची आंबा-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत अशी करुणेची ताकीदही आहे. इंग्रजी अमलात हीच दृष्टी अधिक काटेकोर झाली. १८४० नंतर मलबारात निलांबूर येथे सागाची पद्धतशीर लागवड सुरू झाली. १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची मुंबई इलाख्याचे वनरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लोहमार्ग घाट ओलांडून नाशिक, लासलगाव, मनमाडवरून खानदेशात उतरला. त्याच्या रुळांखाली लाकडी स्लीपर अंथरावयाचे होते. लाकडाची किंमत वाढली, तसा लाकडाभोवतीचा कायदाही वाढला. १८७८ च्या वनकायद्याने जंगले राखीव आणि संरक्षित अशा वर्गांत वाटली गेली. या सर्व कागदपत्रांत झाड म्हणजे लाकूड. पाला हा त्यांत आला तर किरकोळ उत्पन्न म्हणून, नाहीतर गुन्ह्याचा मुद्देमाल म्हणून.

रयतेची नजर मात्र पानावर होती. आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेस, इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात, भात आणि नागलीचे रोप तयार करण्यासाठी राब भाजण्याची चाल आहे. रोपाच्या तुकड्यावर शेण, त्यावर झाडाच्या डहाळ्या आणि पाला, त्यावर गवत आणि वरून बारीक माती, असे थर घालून उन्हाळ्यात ते सावकाश जाळावयाचे. तणाचे बी मरते, राख मिळते, माती भाजून निघते, आणि पहिल्या पावसावर पेरलेले रोप जोमाने वर येते. एका लहानशा तुकड्यासाठी पुष्कळ पाला लागतो, आणि तो लागतो दरवर्षी. जंगल राखीव झाले, डहाळी तोडणे बंद झाले, तेव्हा वनखात्याच्या लेखी ही झाडांची नासधूस थांबली; शेतकऱ्याच्या लेखी त्याचे रोप थांबले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ही ओरड इतकी वाढली, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये एक वन-चौकशी मंडळ नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये बाहेर पडला. राबाला पाला किती आणि कोणत्या झाडाचा घ्यावा, हा त्या काळी साम्राज्याच्या दप्तरातला प्रश्न झाला होता!

महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथातही ही व्यथा आहे. पूर्वी अल्पभूधारक शेतकरी रानातील फळे खाऊन, पळस-मोहाची पाने-फुले विकून आणि चार जनावरे पाळून कसा तग धरीत असे, आणि जंगलखात्याने हे आधार कसे तोडले, ते त्यांनी संतापाने सांगितले आहे. सरकारी अहवालात जी वस्तू किरकोळ ठरली, तीच गरिबाच्या संसारात मुख्य होती.

हे भांडण आपल्याच देशातले होते असे मात्र कोणी समजू नये. जर्मनीतही शेतकरी पिढ्यान् पिढ्या जंगलातला पाला दाताळ्याने ओढून नेत. तो गोठ्यात जनावरांखाली अंथरावयाचा आणि पुढे शेण-मूत्रासह शेतात टाकावयाचा. वनाधिकारी तक्रार करीत की जंगल रोडावत चालले आहे. शेतकरी म्हणत की खताविना शेत कसे पिकेल? हा वाद अंदाजाने सुटणारा नव्हता. बव्हेरियातील एर्न्स्ट एबरमायर यांनी वर्षानुवर्षे पाला तोलून आणि त्याची राख तपासून १८७६ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथील बीच, स्प्रूस, पाइन यांच्या वनांत वर्षाला हेक्टरी तीन-चार टन पाला पडतो, आणि त्याबरोबर चुना, पालाश, स्फुरद ही द्रव्ये जमिनीत परत जातात, असे त्यांनी दाखवून दिले. खोडाच्या मानाने पानात ही द्रव्ये कितीतरी अधिक असतात. म्हणून लाकूड तोडण्यापेक्षा पाला सतत ओढून नेल्याने जमीन लवकर खंगते. लाकूड हे झाडाचे व्याज धरले, तर पाला हे भांडवल होय, असे या संशोधनाचे सार आम्ही सांगू. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी हा ग्रंथ निघाला. परंतु तो जर्मन भाषेत होता, आणि आपला राबवाला शेतकरी व त्याला दंड करणारा रखवालदार या दोघांनाही तो ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आपल्याकडे या प्रश्नाला निराळे वळण दिले ते डॉ. व्होल्कर यांनी. इंग्लंडच्या शाही कृषी संस्थेचे हे रसायनतज्ज्ञ १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले. देशभर हिंडून त्यांनी लिहिलेला अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. मैदानी मुलखात सरपण नाही, म्हणून शेतकरी शेणाच्या गोवऱ्या जाळतो. गोवऱ्या जाळतो म्हणून शेताला खत मिळत नाही. म्हणून गावोगाव सरपणाची आणि वैरणीची राने लावा, म्हणजे शेण शेतात जाईल. झाडे लाकडासाठी नव्हे, तर खतासाठी लावावीत, हा विचार सरकारी कागदावर इतक्या स्पष्टपणे क्वचितच आला असेल. लासलगावसारख्या उघड्या काळ्या रानाच्या मुलखाला तो अगदी लागू होता. पुढच्या काळात झाडे लावली गेली, पण हा हेतू मागे पडला. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात डॉ. हॅरल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा रासायनिक अभ्यास केला. तो १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अडाणी समजल्या गेलेल्या या चालीत राखेचे खत आणि मातीचे भाजणे असे दोन वेगळे व्यापार चालतात, हे तपासण्यासारखे आहे, असे वाटणारे शास्त्रज्ञ निघाले. नंतर इंदुरास आल्बर्ट हॉवर्ड यांनी पुढचे पाऊल टाकले. तेथील संस्थेत त्यांनी १९२४ ते १९३१ पर्यंत काम केले, आणि यशवंत वाड यांच्या सहकार्याने शेतातील टाकाऊ मालापासून खत करण्याविषयी १९३१ मध्ये पुस्तक लिहिले. पऱ्हाटी, तुराट्या, तण, पालापाचोळा, शेण आणि गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती यांचे थर घालून, पाणी देऊन आणि ढीग वेळोवेळी उलथून काही महिन्यांत खत तयार करण्याची ही ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. आपल्या कोरड्या ऋतूत पाला आपोआप कुजत नाही. त्याला ओल, हवा आणि नत्र यांची जोड दिली तर तो कुजतो, हे यातले मर्म. राबात जो पाला जळून जात होता, त्याला दुसरी वाट असू शकते, हे येथे सिद्ध झाले.

इतके ज्ञान जमा झाल्यावर पुढच्या पिढीने लागवडी करताना पाल्याचा हिशेब मांडावा, अशी अपेक्षा कोणीही केली असती. १९८२ मध्ये महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते निघाले. सुबाभूळ, बाभूळ, निलगिरी यांची रोपे लाखांनी वाटली गेली. आपला निफाड तालुका यात आघाडीवर होता. कुंदेवाडीचे विनायकराव पाटील यांनी शेतात निलगिरीची लागवड केली, झाड हेही पीकच आहे असे शेतकऱ्यांना पटवून दिले, आणि निलगिरी लावणाऱ्यांची सहकारी संस्था उभी केली. कोरडवाहू शेतकऱ्याने आपल्या बांधावर आणि पडीक तुकड्यावर स्वतःचे झाड लावावे आणि ते संघटितपणे विकावे, ही कल्पना त्या काळी देशभर कुतूहलाचा विषय झाली. शंभर वर्षे ज्या रयतेला झाड म्हणजे सरकारचे असे शिकविले गेले होते, तिच्या हाती प्रथमच लाकूड आले. या गोष्टीचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही.

परंतु निलगिरीचे पान हे ऐनाच्या किंवा करंजाच्या पानासारखे नव्हे. ते चिवट, मेणचट, तेलाने आणि कडवट द्रव्यांनी भरलेले असते, आणि त्यात नत्र कमी. गळण्यापूर्वी झाड त्यातील बरेचसे नत्र आणि स्फुरद परत ओढून घेते. कुजविणाऱ्या जंतूंच्या पुढ्यात असे जेवण आले, की ते सावकाश खातात. म्हणून पाला पडतो पुष्कळ, कुजतो थोडा. थर दिसतो जाड, आणि जमिनीला मिळते कमी. सुबाभळीचे याच्या उलट. तिच्या बारीक पानात नत्र भरपूर, ते पहिल्या पावसातच विरघळून जाते. पण तो पाला बहुधा जमिनीवर पोहोचतच नाही, कारण शेळ्यांसाठी तो आधीच छाटला जातो. सागाचे आणखी निराळे. त्याच्या ताटाएवढ्या पानांवर पावसाचे थेंब साठून मोठे होतात आणि उंचावरून जमिनीवर आदळतात. खाली पाल्याचा थर असला तर तो हा मारा झेलतो. वणव्याने थर जळला असला, तर सागाखालची मातीच वाहून जाते.

निलगिरीवर त्या काळी मोठे वादळ उठले. १९८३ मध्ये कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी रोपवाटिकेतली रोपे उपटून टाकली. १९८५ मध्ये जागतिक अन्न व शेती संघटनेने या झाडाच्या बऱ्या-वाईट परिणामांवर एक अहवाल काढला. ते पाणी फार पिते की नाही, यावर सभा गाजल्या. पाल्यावर त्या मानाने थोडेच बोलले गेले. वास्तविक आमच्या मते मुख्य मुद्दा तेथेच होता. नैनीतालच्या कुमाऊं विद्यापीठातील संशोधकांनी तराईच्या उपोष्ण पट्ट्यात एक ते आठ वर्षे वयाच्या निलगिरीच्या लागवडी तपासल्या, आणि १९९२-९३ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. जेथे पूर्वीचे रुंद पानांचे नैसर्गिक वन काढून निलगिरी लावली होती, तेथे मातीतील सेंद्रिय कर्ब आणि नत्र कमी झालेले आढळले. लक्षात घ्या, ही तुलना वनाशी आहे. निफाडच्या उघड्या बांधावर वनच नव्हते. तेथे निलगिरीने काय गमावले हा प्रश्न नसून, काय मिळवून देता आले असते हा आहे. पाच-सात वर्षांनी झाड तोडले की पाल्याचा थर स्थिर होण्यापूर्वीच खाते बंद होते. त्यातही वासा सोलण्याचे काम शेतात केले आणि साल, शेंडे, पाला तेथेच राहू दिला, तर चुन्याचा मोठा अंश शेतातच राहतो, कारण निलगिरीचा चुना तिच्या सालीत साठलेला असतो. सालीसकट वासे गाडीत भरले, आणि शेंडे-पाला सरपणाला गेला, तर विक्रीच्या पावतीवर रक्कम चांगली दिसते, आणि शेताच्या खात्यावर नावे पडते.

येथे एक अन्याय टाळला पाहिजे. पाला झाडून नेणाऱ्या बायांना दोष देणे सोपे आहे. आमचा तसा हेतू नाही. चुलीला सरपण नसेल तर माणूस गोवरी जाळतो, आणि गोवरी नसेल तर पाला. व्होल्करांनी हे सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखले होते. गरिबाने पाला जाळला तो गरजेने. पण आज परिस्थिती पालटली आहे. पुष्कळ घरांत गॅस आला. राब सोडला, तर पाल्याला चुलीत किंवा शेतात जाळण्याची जुनी गरज बरीच ओसरली. तरीही फाल्गुन-चैत्रात रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, बांधावर पाल्याचा धूर निघतच असतो. पूर्वी आपण तो गरजेपोटी जाळीत होतो. आता निव्वळ नीटनेटकेपणासाठी जाळतो. इतिहासाने दिलेली सबब संपली, आणि सवय तेवढी उरली.

आणि ज्या जमिनीजवळ आपण हे करतो, ती कोणती? निफाडची काळी जमीन ओल धरणारी, कसदार म्हणून नावाजलेली आहे. पण काळा रंग म्हणजे कस नव्हे. महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्बाचे प्रमाण बहुधा शेकडा एकाहूनही कमी आढळते. त्याच जमिनीतून आपण वर्षाला दोन-दोन वेळा कांदा काढतो. द्राक्षाची बाग हीही एक लागवडच आहे. एप्रिलच्या खरड छाटणीत आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीत काड्यांचे आणि पानांचे ढीग निघतात. कित्येक वर्षे ते बांधावर नेऊन पेटविण्याचा प्रघात होता आणि अजूनही तो पुरता गेलेला नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या द्वारे द्राक्षबागायतदारांना हेच परोपरीने सांगितले, की शेतात उगवलेले शेतातच जिरवा. आता काही बागांतून काड्यांचा भुगा करून तो बोदावर आच्छादन म्हणून पसरतात. हॉवर्ड आणि वाड यांचा धडा द्राक्षाच्या वाटेने आमच्या तालुक्यात शिरला, असे म्हणावयास हरकत नाही.

आमच्या विवेचनाचा निष्कर्ष असा, की जेव्हा जेव्हा खोडाचा हिशेब एकाने ठेवला आणि पानाचा कोणीच ठेवला नाही, तेव्हा तेव्हा शेवटी जमिनीने किंमत मोजली. सरकारने लाकूड मोजले, राबवाल्याने रोप मोजले, निलगिरीवाल्याने वासे मोजले. जमिनीच्या बाजूने मोजणारे एबरमायर, मॅन, हॉवर्ड-वाड असे मोजकेच. आज झाडे लावण्याचा उत्साह पुन्हा आला आहे. कोणते झाड, किती झाडे, हे विचारले जाते. त्याच्या जोडीला दोन प्रश्न अवश्य विचारावेत: त्याचा पाला किती दिवसांत कुजतो, आणि तो कोठे राहणार आहे?

उत्तर आपल्या घरातच आहे. उन्हाळी कांदा उपटल्यावर शेतकरी तो शेतात रचतो, आणि उन्हाने भाजू नये म्हणून त्याच्यावर त्याच्याच पातीचे पांघरूण घालतो. पाल्याने झाकलेले टिकते, हे ज्ञान लासलगावच्या माणसास कोणी शिकवावयास नको. तेच पांघरूण मालाच्या जोडीने मातीलाही मिळाले, तर या खतावणीत पुष्कळ वर्षांनी जमेच्या बाजूला काही लिहिता येईल.